खेळता खेळता पीसी खटकन बंद: लहान कॅबिनेटमधला एकच बिघाड की तीन?

ज्यांचा लहान कॅबिनेटमधला गेमिंग पीसी खेळता खेळता अचानक बंद पडतो, परत चालू केला की काही झालंच नव्हतं असा चालतो आणि चार दिवसांनी पुन्हा तसाच बंद पडतो, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. माझ्या पीसीने हे आठ महिने केलं. त्या काळात मी रॅम बदलली, विंडोज दोनदा नव्याने टाकली, प्रोसेसरची थर्मल पेस्ट तीनदा लावली. कशाचाच उपयोग झाला नाही, कारण मी एक बिघाड शोधत होते आणि होते तीन. तिघांचं बाहेरून दिसणारं रूप मात्र एकच: काळी स्क्रीन.

आधी मशीन काय आहे ते सांगते. पुण्यात कर्वेनगरला भाड्याची खोली आणि कुडाळला घर, अशी माझी सतत ये-जा. म्हणून मोठ्या टॉवरऐवजी पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल असा पीसी जुळवला. मदरबोर्ड बी५५० चिपसेटचा मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७० मिलिमीटरचा चौरस, त्यावर रायझन ५ ५६००एक्स. कॅबिनेट दहा लिटरला किंचित कमी, सँडविच मांडणीचं: मधल्या पत्र्याच्या एका अंगाला बोर्ड, दुसऱ्या अंगाला ग्राफिक्स कार्ड आणि दोघांना जोडणारी रायझर केबल. एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा, एसएफएक्स मापाचा, १२५ बाय ६३.५ बाय १०० मिलिमीटर, ५५० वॅटचा. तो घेतला तेव्हा कार्ड होतं जीटीएक्स १६६० सुपर, १२५ वॅटचं. पुढे ओळखीतून वापरलेलं आरटीएक्स ३०८० मिळालं, विजेसाठी दोन ८-पिन जोडण्या लागणारं. एसएमपीएस तोच ठेवला.

हिशेब केला होता, नाही असं नाही. कार्ड ३२० वॅट, प्रोसेसर जास्तीत जास्त ७६ वॅट, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरून आणखी पन्नासेक. बेरीज साडेचारशेच्या आत. ५५० मधून शंभर वॅट शिल्लक दिसत होते. या कार्डासाठी एनव्हिडियाने ७५० वॅटची शिफारस केलेली आहे हे वाचलं होतं, पण ती स्वस्तातले एसएमपीएस गृहीत धरून वाढवून सांगितली असावी असं मी मनाशी ठरवून टाकलं. तिथेच चुकलं.

वही काढा

बंद पडल्यावर बहुतेकजण विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडतात. तिथे लाल खुणेसह कर्नल-पॉवर ४१ दिसतं आणि सगळे त्या आकड्याच्या मागे लागतात. तो आकडा कारण सांगत नाही. मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं, एवढंच सांगतो. त्या नोंदीत आत बगचेककोड, म्हणजे निळ्या स्क्रीनच्या चुकीचा क्रमांक, असतो तो बघा. तो शून्य असेल तर बहुधा निळ्या स्क्रीनपर्यंत जायलाही विंडोजला वेळ मिळाला नाही, वीजच तुटली किंवा मशीन जागीच गोठली. शून्य नसेल तर मामला ड्रायव्हर, रॅम किंवा डिस्कचा असण्याची शक्यता मोठी, आणि पुढचं बरंचसं तुम्हाला लागू नाही.

खरा माग लागला तो एका साध्या वहीमुळे. तारीख, जागा, काय चालू होतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नेमका कसा बंद पडला. दोन महिन्यांत २३ नोंदी झाल्या. एका रविवारी त्या सगळ्या एकत्र वाचल्या आणि त्यांचे आपोआप तीन ढीग पडले.

पहिल्या ढिगात १३ नोंदी. एसएमपीएसमधून बारीक ‘टक्’ आवाज, सगळं एकदम गप्प, पंखेसुद्धा. पुढचं बटण कितीही दाबलं तरी चालू होत नाही. मागचा एसएमपीएसचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबून परत चालू केला की लगेच उठतो. यातल्या बहुतेक नोंदी पुण्याच्या.

दुसऱ्या ढिगात सहा. सगळ्या कुडाळच्या. पीसी विझतो आणि दुसऱ्याच क्षणी आपला आपण परत सुरू होतो.

तिसऱ्यात चार. स्क्रीन काळी, पण पंखे चालू, उलट कार्डाचे पंखे जोरात. एकदा तर गेमचा आवाजही काही सेकंद येत राहिला. चारही नोंदी प्रवासानंतरच्या दोन-तीन दिवसांतल्या.

हे वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं की एकाच औषधाने हे तिन्ही बरं होणं शक्यच नव्हतं. तुमच्या पीसीला हात लावण्याआधी एवढं एक करा: बंद पडतो म्हणजे कसा पडतो, ते लिहा. ‘टक्’ आवाज आला का, पंखे थांबले का, मागचा स्विच फिरवावा लागला का. या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी निम्मं काम होतं.

‘टक्’ करून मरणं आणि पुन्हा न उठणं

हे एसएमपीएसने स्वतःला वाचवणं आहे. ठरलेल्यापेक्षा जास्त करंट गेला, जास्त वॅट गेले, आतलं तापमान वाढलं किंवा कुठे शॉर्ट झालं, तर तो पीसीला जाणारी सगळी वीज तोडतो. अनेक एसएमपीएसमध्ये ही अवस्था तशीच धरून ठेवलेली असते. भिंतीकडून येणारी वीज काही काळ तोडल्याशिवाय ती सुटत नाही. मागचा स्विच फिरवावा लागतो तो त्यामुळे.

पुण्यातल्या एका दुकानात मशीन दाखवली तेव्हा त्यांनी फरमार्क हे कार्डाला ताण देणारं सॉफ्टवेअर तासभर चालवलं, काही झालं नाही, आणि एसएमपीएस ठणठणीत आहे म्हणून परत दिली. घरी आल्यावर दहाव्या मिनिटाला गेममध्ये बंद. या विसंगतीवर मी फार दिवस अडकले होते. जो पीसी कार्डाला तासभर पूर्ण ताण दिला तरी हलत नाही, तो गेमचा मेनू संपून सामना सुरू होताना का पडतो?

उत्तर त्या प्रश्नातच होतं. फरमार्कचा ताण मोठा असतो, पण सरळ असतो, एका पातळीवर धरलेला. एसएमपीएसला मोठा ताण सोसतो, त्याला जड जाते ती अचानक मारलेली उडी. आधुनिक कार्ड सरासरी ३२० वॅट पाळतं, पण ती सरासरी असते. मधल्या काही क्षणांना, मिलीसेकंदाच्याही आत, ते त्याच्या कितीतरी वर जाऊन खाली येतं. ३०८० च्या बाबतीत साडेचारशेच्या पुढचे झटके मोजले गेले आहेत. लोडिंग स्क्रीनवर कार्ड रिकामं बसलेलं असतं, आणि पुढच्या क्षणी पूर्ण दृश्य त्याच्या अंगावर येतं. काही गेमच्या मेनूला फ्रेमची मर्यादाच नसते, तिथे कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम काढत सुटतं आणि नंतर एकदम थांबतं. माझ्या वहीतल्या १३ पैकी नऊ नोंदी अशाच सांध्यांवरच्या निघाल्या.

हे झटके एचडब्ल्यूइन्फो या पीसीचे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाहीत. ते साधारणपणे दर दोन सेकंदांनी वाचन घेतं. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर तर आणखी संथ. त्यामुळे “मी तर बघत होतो, ४३० च्या वर गेलाच नाही” हे खरं असूनही उपयोगाचं नाही.

आता लेबलाकडे वळते. माझ्या एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टच्या दोन रांगा, म्हणजे वीज बाहेर जाण्याच्या दोन स्वतंत्र वाटा, वेगळ्या छापलेल्या होत्या, प्रत्येकी ३० अँपिअर. मी आजवर फक्त खालचा ‘५५० वॅट’ हा ठळक आकडा वाचला होता. ३० अँपिअर म्हणजे ३६० वॅट. प्रत्यक्ष तुटण्याची मर्यादा छापलेल्यापेक्षा थोडी वर ठेवलेली असते, पण फार नाही. बोर्डाच्या स्लॉटमधून कार्ड जास्तीत जास्त ७५ वॅट घेऊ शकतं. बाकीचे अडीचशेच्या आसपास वरच्या दोन ८-पिनमधून. आणि ते दोन्ही ८-पिन मी एकाच केबलवर लावले होते, एका टोकाला दोन तोंडं असलेली केबल असते ना, ती. लहान कॅबिनेटमध्ये एक केबल वाचली की केवढी जागा सुटते हे ज्यांनी हात घालून पाहिलंय त्यांना माहीत आहे. म्हणजे सरासरीला २१ अँपिअर एकाच रांगेतून जात होते आणि झटका आला की ते तीस-पस्तीसवर. बाजूची रांग मात्र निम्मी रिकामी. ५५० वॅट होते, पण कार्डाच्या वाट्याला नव्हते.

तारेचाही विचार करा. ८-पिनमध्ये १२ व्होल्टच्या तारा तीनच असतात. २१ अँपिअर तीन तारांत म्हणजे प्रत्येकीत सात. मल्टिमीटरने कनेक्टरच्या मागून, गेम चालू असताना, व्होल्टेज मोजलं तर ११.५८ आलं. दोन वेगळ्या केबल लावून मोजलं तर ११.८१. नियमानुसार १२ व्होल्ट हे ११.४ ते १२.६ मध्ये असले तर चालतात, म्हणजे दोन्ही आकडे मर्यादेतच. पण झटक्याच्या क्षणी पहिला आकडा कुठवर घसरत असेल हे मीटर दाखवत नाही, आणि तिथे खाली फारशी जागा उरलेली नाही.

खात्री करायची सोपी रीत अशी. काहीही विकत घेण्याआधी आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि आठवडाभर नेहमीसारखं खेळा. बंद पडणं थांबलं तर तुमचा आजार या ढिगातला आहे. नाही थांबलं तर पुढे वाचा. माझं थांबलं, एकदाही नाही.

मग एकेक बदल केला, एका वेळी एकच. सगळ्यात आधी दोन ८-पिनसाठी दोन स्वतंत्र केबल, एसएमपीएसवरच्या वेगवेगळ्या सॉकेटमधून. कुठलं सॉकेट कुठल्या रांगेवर आहे ते त्याच्या मॅन्युअलमध्ये दिलं होतं. पूर्वी चार-पाच दिवसांनी पडायचा तो आता दहा दिवसांतून एकदा पडू लागला. मोठा फरक, पण पूर्ण नाही.

दुसरा बदल अंडरव्होल्ट, म्हणजे कार्डाचं व्होल्टेज खाली आणणं, आणि याबद्दल मला जरा ठासून सांगायचंय. पॉवर लिमिट खाली ओढणं आणि अंडरव्होल्ट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉवर लिमिट सरासरीला लगाम घालते. कार्ड तरीही अधूनमधून वरच्या व्होल्टेजवर उडी मारतं आणि मग मागे ओढलं जातं. व्होल्टेजच्या वक्रावर छत घातलं तर ती उडीच ठेंगणी होते. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून वक्र उघडतो. ०.८५ व्होल्टचा बिंदू १८०० मेगाहर्ट्झला नेला आणि त्यापुढचे सगळे बिंदू त्याच उंचीवर सपाट केले. कार्ड ३२० वरून २५० वॅटच्या आसपास आलं. मी खेळते त्या गेममध्ये फ्रेम चार-पाच टक्क्यांनी उतरल्या, डोळ्यांना जाणवल्या नाहीत. प्रत्येक कार्डाची सिलिकॉन वेगळी असते, तुमचं १८०० ला अडखळलं तर १७५० करून बघा. इतक्या छोट्या डब्यात सत्तर वॅट उष्णता कमी होणं ही तर वेगळीच कमाई. या कार्डावरची जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांना पोचली की स्वतःचा वेग कमी करते, आणि माझी मे महिन्यात १०६ पर्यंत जात होती. ती ९२ वर आली.

तिसरा बदल छोटा. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये कमाल फ्रेम रेट मॉनिटरच्या जरा खाली बांधून टाकला, माझ्यासाठी १४१. मेनूतली धावाधाव संपली.

यानंतर तेरापैकी एकही नोंद पुन्हा झाली नाही. अपवाद एकच, तोही उन्हाळ्यात एसएमपीएस तापल्याचा. त्याचं कारण होती माझ्याच हाताने केलेली कारागिरी: एसएमपीएसच्या पंख्यासमोरच्या जाळीला आतून मी धूळ अडवायला नायलॉनचं बारीक कापड चिकटवलं होतं. एसएफएक्सचा पंखा लहान आणि पातळ, त्याची ओढ बेताची. कापड आणि पंखा यांच्यात अंतर फार कमी होतं. दीड महिन्याच्या धुळीने ते कापड जवळपास बंद झालं होतं. काढून टाकलं, पत्र्याला त्या जागी आणखी भोकं पाडली. ज्यांना हे करायचंय त्यांनी पत्रा पूर्ण सुटा करून, खोलीच्या बाहेर नेऊन करा, कानशीने कडा घासा, धुऊन, वाळवून, मगच बसवा. धातूचा एक किस बोर्डावर पडला तर सगळ्या मेहनतीवर पाणी.

एक सूचना मात्र कळकळीने. एसएमपीएस उघडू नका, पंखा बदलायलासुद्धा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर चारशे व्होल्टच्या जवळपास डीसी असतं, आणि प्लग काढल्यावरही ते टिकून राहू शकतं.

कुडाळचा ढीग

कोकणात जूनपासून लाईटचा भरवसा नसतो. वारा सुटला, फांदी तारेला लागली, गेली. घरी इन्व्हर्टर आहे, त्यामुळे घरात कोणाला काही जाणवत नाही, पंखा क्षणभर मंदावतो एवढंच. पण पीसी विझून परत सुरू होतो. गंमत अशी की ब्राउझर उघडा असताना लाईट गेली तर पीसी तगायचा, आणि गेम चालू असताना गेली तर पडायचा. म्हणून मी याही वेळी कार्डालाच दोष देत होते.

एसएमपीएसच्या त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज ही त्याची शिदोरी. भिंतीकडची वीज तुटली की तेवढ्यावर तो काही क्षण काढतो. अपेक्षा असते पूर्ण ताणावर १६-१७ मिलीसेकंदांची. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलीसेकंदांचं, म्हणजे ही शिदोरी एका आवर्तनाचीही नाही. ताण कमी असेल तर तीच जास्त वेळ पुरते. ब्राउझरला साठ वॅट लागतात, गेमला साडेचारशे. तगणं आणि पडणं यातला फरक तेवढाच होता.

घरातल्या इन्व्हर्टरना मागे बहुधा एक छोटा स्विच असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल. इकोमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला साधारण तीस-चाळीस मिलीसेकंद लागू शकतात, यूपीएस मोडमध्ये दहाच्या आसपास. आमचा इकोवर होता, बसवल्या दिवसापासून. स्विच फिरवला आणि सहापैकी चार नोंदींसारखे प्रसंग संपले.

उरलेले दोन लाईट न जाताच झालेले होते. दोन्ही संध्याकाळी सहा-साडेसहाचे. शेजारी बोअरची मोटर सुरू होते ती वेळ. मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं, दिवे मंद होतात. इको मोडमध्ये इन्व्हर्टर फार खालच्या व्होल्टेजलाही ‘लाईट आहे’ असंच समजतो आणि ते तसंच पुढे पाठवतो. यूपीएस मोडमध्ये तो १८० च्या आसपास बॅटरीवर येतो. म्हणजे एका स्विचने हेही सुटलं.

पण सगळ्यांचं सुटेल असं नाही. इन्व्हर्टर कुठल्या तऱ्हेची वीज देतो हे बघा. जुन्या, स्वस्त इन्व्हर्टरची लहर चौकोनी असते, आणि आजचे एसएमपीएस ज्या पद्धतीने भिंतीकडून वीज घेतात त्यांना ती कधी मानवते, कधी मानवत नाही. एसएमपीएस गुणगुणायला लागला किंवा बॅटरीवर जाताच प्रत्येक वेळी पीसी पडला, तर प्युअर साइन वेव्ह लिहिलेला यूपीएस घ्या. तो घेताना व्हीए बघून फसू नका. बाजारात मिळणारा ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. माझा पीसी गेममध्ये भिंतीकडून पावणेपाचशे वॅट ओढत होता, अंडरव्होल्टनंतर चारशेच्या जवळ. ६०० व्हीएचा यूपीएस तो लाईट जाताच ओव्हरलोडने बंद करील, म्हणजे पैसे घालून बिघाड कायम. घरच्या इन्व्हर्टरवरही फ्रीज आणि पंख्यांसोबत गेम खेळू नका. लाईट गेली की सेव्ह करून पीसी बंद करण्यापुरता तो आधार.

याच शोधात एक गोष्ट सापडली, जी बंद पडण्यापेक्षा जास्त गंभीर होती. कुडाळच्या त्या खोलीत कॅबिनेटला उघड्या पायांनी हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या. ॲल्युमिनियमची नुसती फटफटीत चौकट, तिला रंगाचा थरही नाही. वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी बोर्ड उघडला आणि म्हणाले, “गो बाय, ह्या बोर्डाक अर्थिंगच नाय.” तीन पिनांचं सॉकेट होतं, पण वरच्या मोठ्या पिनेला आत तारच जोडलेली नव्हती. एसएमपीएसमधले फिल्टरचे कपॅसिटर थोडीशी वीज पत्र्याकडे सोडत असतात, ती अर्थिंगमधून निघून जावी म्हणून. अर्थिंग नसेल तर पत्रा भिंतीच्या व्होल्टेजच्या निम्म्यावर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण एसएमपीएसमध्ये खराखुरा बिघाड झाला तर तोच पत्रा जीवघेणा ठरतो. काकांनी नवी तार ओढली, न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजलं, दीड आलं. दोन-तीनच्या आत असावं. तुमच्या कॅबिनेटला झिणझिण्या येत असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आज वायरमनला बोलवा.

पंखे चालू, स्क्रीन काळी

हा ढीग लवकर सुटला, कारण वहीने आधीच सांगितलं होतं: प्रवासानंतर. पुण्याहून कुडाळला रात्रीची बस फोंडा घाटाने उतरते. सॅक मांडीवर घेतली तरी दणके बसतातच. रायझर केबलची दोन्ही टोकं आणि जाड, आखूड वळवलेली, बोर्डाला वीज देणारी २४-पिन केबल सतत एकमेकांना ढकलत असतात, आणि रायझरचं तोंड स्लॉटमधून केसभर वर येतं. डोळ्यांना दिसत नाही. दाबलं की ‘कट्’ असा आवाज येऊन बसतं.

दुसरं कारण त्याच्याशी जोडलेलं. कार्ड आणि बोर्ड ज्या मानकाने बोलतात त्या पीसीआयईच्या ३.० आवृत्तीची माझी रायझर आणि बोर्ड, प्रोसेसर, कार्ड तिन्ही ४.० चे. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, वेग ऑटोवर ठेवला तर ते दुप्पट वेगाने बोलायला बघतात, आणि केबल तेवढी स्वच्छ नाही. नीट बसलेली असताना कसंबसं निभतं, जरा हलली की संपलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिआ-लॉगर १७ अशा पिवळ्या नोंदींची रांग दिसली तर हेच. बायोसमध्ये स्लॉटचा वेग जेन३ करा. ३०८० ला त्याने एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो.

अडचण एकच: स्क्रीनच येत नसेल तर बायोसमध्ये जाणार कसं? ५६००एक्समध्ये अंगचे ग्राफिक्स नाहीत. रायझर काढा, बोर्ड बाहेर घ्या, कार्ड थेट स्लॉटमध्ये लावा, सेटिंग बदला, मग परत जुळवा. तासाभराचं काम आहे. बायोस अपडेट केलं की हे सेटिंग पुन्हा ऑटोवर जातं हे लक्षात ठेवा, मी ते एकदा विसरले आणि एक शनिवार घालवला.

आता मी प्रवासाआधी २४-पिनला सैल वळण देते, वेल्क्रोने बांधते, कार्ड आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी सरकवते. पोचल्यावर पट्टी काढायची, रायझर दोन्ही बाजूंनी दाबायची, मग चालू करायचं. पावसाळ्यात कुडाळला महिनाभर पीसी राहिला तर निघताना रायझरचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसते. दमट हवेने सोनेरी पिनांवर जी धूसर झाक येते ती यानेच जाते.

एसएमपीएस बदलताना

अंडरव्होल्टवर वर्षभर बिनतक्रार चाललं. तरी यंदा एसएमपीएस बदलला, कारण पुढचं कार्ड येईल तेव्हा परत हाच प्रश्न नको होता. ७५० वॅटचा एसएफएक्स घेतला, एटीएक्स ३.० चा. २०२२ मध्ये आलेल्या या मानकात हे झटके हिशेबात धरलेले आहेत: अशा एसएमपीएसने आपल्या वॅटच्या दुप्पट ताण १०० मायक्रोसेकंदांपर्यंत न तुटता सोसायला हवा. तुम्ही नवा घेत असाल तर वॅटच्या आकड्याआधी हे बघा, आणि १२ व्होल्टची रांग एक आहे की दोन हे लेबलवर वाचा. जुन्या पद्धतीचा ८५० पेक्षा या पद्धतीचा ७५० मी निवडेन. एसएफएक्स-एल घ्यायचा मोह होईल, त्याला १२० मिलिमीटरचा शांत पंखा असतो. पण तो एसएफएक्सपेक्षा ३० मिलिमीटर जास्त लांब असतो, आणि दहा लिटरच्या आत ते ३० मिलिमीटर म्हणजे केबल वळवायची सगळी जागा. आधी मोजा.

आणि केबल. नव्या एसएमपीएससोबत नव्याच केबल वापरा, जुन्या कितीही सुबक, आखूड करून घेतलेल्या असल्या तरी. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला तसा एक नियम नाही. कुठल्या पिनेत १२ व्होल्ट आणि कुठल्यात ५, हे प्रत्येक कंपनीचं, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांचंही, वेगळं असतं. तोंड मात्र खुशाल बसतं. माझ्या एका मित्राने एसएसडींना वीज देणारी साटा केबल तेवढी जुनी ठेवली, कारण ती कप्प्यातून छान ओढलेली होती. बटण दाबताच दोन एसएसडी गेल्या, एकीत त्याचं तीन वर्षांचं काम होतं. माझ्या जुन्या एसएमपीएसच्या सगळ्या केबल मी त्याच्याच खोक्यात भरल्या, प्रत्येकीला कागदी टेप लावून वर मार्करने ‘जुना ५५०’ लिहिलं, आणि खोकं कुडाळला माळ्यावर ठेवलं.